ट्रॉली पाठी घेताना

सकाळचे सहा. डिसेंबरात कर्जत तालुक्यात कडावच्या बाजूला या वेळी रानावर धुकं असतं. मामा टॉर्च घेऊन ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारतात. टायर, डिझेल, रेडिएटरचं पाणी, ट्रॉलीचा फाळका. भाचा त्यांच्या पाठोपाठ, आणि त्याच्या मागे मी. भाच्याच्या खिशात शिकाऊ लायसन्स आहे, ट्रॅक्टर पुढे हाकायला येतो, पावसाळ्यात चिखलणीही केली आहे. अडतं ते ट्रॉली लावून पाठी जाताना, आणि या धंद्यात मजुरी ठरते ती नेमकी तिथेच. सरळ रस्त्याने ट्रॉली कुणीही ओढून नेईल. भातगिरणीच्या दारात ती नीट लावणारा ड्रायव्हर मात्र लोक शोधत येतात.

वेळही फार नाही. मामांचं रान राजनाल्यावर आहे. भिवपुरीचं वीजघर १९२२ सालचं. तिथे वीज करून सुटलेलं पाणी या नाल्याने शेतात येतं आणि त्यावर उन्हाळी भात होतं. पाणी आलं की ट्रॉली सुटणार, ट्रॅक्टर चिखलात उतरणार. शिकून घ्यायचं ते त्याआधी.

दिवसातला पहिला रिव्हर्स नुसत्या ट्रॅक्टरचा असतो. ट्रॉलीचा दांडा स्टँडवर उभा; ट्रॅक्टरच्या हुकाचं भोक आणि दांड्याचं भोक एकाखाली एक आणायचं आणि वरून पिन टाकायची. सोपं वाटतं. भाचा मान वळवून येतो, चार बोटं डावीकडे राहतात, पुढे जातो, पुन्हा येतो. मामा बाजूला उभे. ट्रॅक्टर हलत असताना मधे कुणी जायचं नाही, हा त्यांचा नियम. दांडा हाताने थोडा सरकवायला म्हणून लोक मधे शिरतात, क्लचवरचा पाय सटकतो आणि माणूस चाकाच्या आणि दांड्याच्या मधे सापडतो. ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मगच मामा वाकून पिन टाकतात.

सात वाजता बाजूच्या मोकळ्या खाचरात सराव. भात कापून झालेलं, बांध एका ठिकाणी फोडून वाट केलेली. दोन विटा उभ्या करून दार केलं आहे. रिकामी दोनचाकी ट्रॉली त्या दारातून न्यायची.

इथे शरीराला शिकलेलं विसरावं लागतं. गाडी एकटी पाठी जाते तेव्हा स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की मागची बाजू उजवीकडे जाते. ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरचं बूड उजवीकडे जातं, हूकही उजवीकडे जातो, म्हणून ट्रॉलीचं शेपूट डावीकडे. मामा हे असं समजावत नाहीत. ते भाच्याचा हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला ठेवतात आणि म्हणतात, “ट्रॉली ज्या अंगाला न्यायची, त्या अंगाला हात ने. डोकं चालवू नको.” ही युक्ती जगभरचे ट्रेलर चालवणारे वापरतात, मामांना ती त्यांच्या वडिलांकडून मिळाली.

पण हा अर्धाच धडा. ट्रॉली वळायला लागली की स्टेअरिंग तसंच धरून ठेवता येत नाही. लगेच उलटं फिरवून ट्रॅक्टर तिच्या पाठोपाठ घालावा लागतो, नाहीतर दोघांमधला कोन वाढतच जातो. एका मर्यादेपलीकडे तो गेला की स्टेअरिंग कितीही तोडा, ट्रॉली सरळ होत नाही. ती मुरडते आणि दांडा मोठ्या चाकाला जाऊन भिडतो. उपाय एकच, पुढे जाऊन सरळ होणं. ट्रॉली जितकी आखूड, तितकी ती लवकर मुरडते, त्यामुळे चाळीस फुटी ट्रेलरपेक्षा आपली शेतातली ट्रॉली जास्त खोडकर. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस फिरता असतो, म्हणजे वळायच्या जागा दोन आणि सगळं गणित पुन्हा उलटं. ती मामाही शक्यतो पाठी घेत नाहीत.

कर्जतच्या माणसाला मागून ढकलण्याचं नवल नाही. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे चढली, सदतीसास एक असा चढ. आजही कर्जत स्टेशनात गाडीच्या शेपटाला बँकर इंजिनं लागतात आणि गाडी वर ढकलतात. पण त्या डब्यांना रूळ आहेत. डबा कुठे जाईल याची चिंता बँकरच्या ड्रायव्हरला नाही. खाचरातल्या भाच्याला ढकलायचंही आहे आणि रूळही स्वतःच टाकायचे आहेत. साडेआठपर्यंत डावीकडची वीट पुष्कळदा आडवी झाली, उजवीकडची क्वचित. म्हणजे पोरगा एकाच खांद्यावरून बघतो आहे. मामांनी ते ओळखलं आणि मान दोन्हीकडे फिरवायला लावली.

नऊ वाजता भातगिरणी. रस्त्यावर ट्रॅक्टर मामा चालवतात, कारण शिकाऊ लायसन्सवाल्याच्या बाजूला जाणता ड्रायव्हर बसलेला हवा आणि ट्रॅक्टरला सीट एकच. मडगार्डवर बसणं ही आपल्याकडची रीत आहे खरी, पण तिथून पडलेला माणूस सरळ मागच्या चाकाखाली जातो. म्हणून भाचा माझ्या मोटारसायकलवर मागे. रस्त्याला लागण्याआधी मामा दोन्ही ब्रेकपेडल पट्टीने एकत्र अडकवतात. शेतात डावं-उजवं चाक वेगळं दाबायला ते सुटे ठेवतात, रस्त्यावर सुटे राहिले तर ब्रेक मारताच ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. गिरणीच्या मागच्या अंगणात तूस भरायचा. तूस हलका, ट्रॉली ओसंडली तरी वजन नाही. लावण्याचं काम इथे मामांनीच केलं, एका दमात, आणि ते बघणं हाच भाच्याचा तास.

अकरा वाजता उल्हासच्या काठाजवळची वीटभट्टी. दिवसाचा सगळ्यात अवघड रिव्हर्स इथला, आणि तो अरुंद जागेमुळे नव्हे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्टीवर राहायला येतात, पाऊस येईपर्यंत इथेच असतात. आई-बाप माती कालवतात, विटा थापतात. पोरं कच्च्या विटांच्या रांगांमधे, सावलीत, आणि सावली हवी म्हणून उभ्या ट्रॉलीखाली. मामा ट्रॅक्टर बंद करून उतरतात, ट्रॉलीभोवती चालतात, वाकून खाली बघतात. एका बाईला म्हणतात, “ताई, पोरं जरा तुझ्याकडं बोलाव.” ती मोजून सांगते, एक कमी आहे. ते पोर विटांच्या आडून सापडतं, मग किल्ली फिरते.

सीटवर आता भाचा, मामा मागे. खुणा ठरलेल्या. “येऊ दे, येऊ दे” म्हणजे चालू, ट्रॉलीच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे जागीच थांब. आणि मामा दिसेनासे झाले तर थापेची वाटही बघायची नाही, थांबायचं. मला हा नियम सगळ्या यंत्रांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण मागे उभा राहून दिशा दाखवणारा माणूसच सगळ्यात आधी चाकाखाली जाऊ शकतो. लो रिव्हर्समधे, क्लच अर्धा न धरता, ट्रॉली हातभर वाकडी का होईना, तुसाच्या ढिगाशी लागली. मुकादम म्हणाला, “चालंल.”

दुपारी जेवण झाल्यावर भाच्याने मोबाइल काढला. अमेरिकेतल्या फोर्डच्या पिकअपचा व्हिडिओ. २०१५ साली कंपनीने एफ-१५० गाडीत एक गोल बटण आणलं: ट्रेलर उजवीकडे हवा तर बटण उजवीकडे फिरवा, स्टेअरिंग गाडी आपोआप फिरवते. ट्रेलरच्या दांड्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा स्टिकर चिकटवायचा, मागचा कॅमेरा तो बघून कोन ओळखतो. मामांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. “स्टिकर रोज पुसायचा कोणी?” मग भट्टीवरच्या चिखलाने भरलेल्या आपल्या दांड्याकडे बघून दोघं हसले. थट्टा सोडली तर बटण खरंच उपयोगी आहे; नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारं उलट-सुलट ते स्वतःवर घेतं. ट्रॉलीखालचं पोर मात्र त्याला कळत नाही. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. मामांच्या ट्रॅक्टरला आठ पुढचे गिअर, दोन मागचे. आरसासुद्धा त्यांनी स्वतः बसवलेला.

तीन वाजता विटा भरून निघालो. चौक गावाशी जुन्या मुंबई-पुणे हायवेवर आलो. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला बंदी, त्यामुळे ट्रॉलीवाल्यांचा खालापूर तालुका जुन्याच रस्त्यांचा. सावरोली-खारपाडा रस्त्यावर एका गोदामाच्या कुंपणासाठी विटा हव्या होत्या. साडेचारला पोचलो तर दारात न्हावाशेव्याहून आलेला चाळीस फुटी कंटेनर उभा, त्याला गोदामाच्या धक्क्याशी लागायचं होतं. विटा थांबल्या. भाच्याला वर्ग मिळाला.

केबिनमधे कॅमेऱ्याचा छोटा पडदा होता. तरीही ड्रायव्हर आधी सरळ पुढे निघून गेला, लांबून वळून उलट्या दिशेने आला. भाच्याला कळेना. मामांनी सांगितलं: आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, शेपूट उजवीकडे वळवलं तर खिडकीतून दिसतं, डावीकडे वळवलं तर केबिनच्या आड जातं. पुढच्या चौकापर्यंतचं डिझेल त्याने दिसण्यासाठी खर्च केलं. ट्रॅक्टरवर हा प्रश्न नाही, माणूस मधोमध उघड्यावर बसतो. अर्ध्या वाटेवर ट्रेलरवाला हँडब्रेक लावून खाली उतरला, धक्का बघून आला, वर पत्रा आहे का तेही बघितलं, आणि मग लावला. त्याच्या ट्रेलरने हळूहळू कोन धरला आणि हळूहळू सोडला. भाचा म्हणाला, “मामा, हा तर स्टेअरिंग जवळजवळ फिरवतच नाही.” मामा म्हणाले, “लवकर फिरवतो ना, म्हणून थोडं पुरतं.”

विटा उतरवून परत येईपर्यंत आठ वाजले. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आहेत, तरी हायवेवर मी दिवे लावून तिच्या मागेच राहिलो. घरच्या अंगणात भाच्याने रिकामी ट्रॉली लावली, स्टँड टाकला, चाकांना पुढून-मागून दगड दिले आणि मग पिन काढली.

“उद्याही तूसच का?”

“उद्या पेंढा. ट्रॉलीच्या डोक्यावर चढवला की पाठचं काही दिसत नाही.”

“मग लावायचं कसं?”

“तुझ्या मामीला विचार. गेल्या साली पाठी तीच उभी होती.”