कागदी सजावट : घरगुती धंद्याचा खरा हिशेब

सजावटीचे थर्मोकोल आणि प्लास्टिकचे झेंडे यांच्यावर केंद्र सरकारच्या नियमाने १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. बनवणे, साठवणे, विकणे, वापरणे, सर्वच बंद. आपल्या महाराष्ट्रात तर त्याआधीच, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्मोकोलच्या मखरांवर गदा आली होती. तेव्हापासून बचत गटांच्या भगिनी, शिकलेली पण बेकार मुले आणि आमचे काही व्यापारी बंधू एकच सवाल करतात. थर्मोकोल गेले, तर मग कागदी पताका, झालरी, कंदील यांचा धंदा घरबसल्या करता येईल काय? आमचे उत्तर असे की करता येईल, पण ज्या मालाने लोक सुरुवात करतात त्या मालाने नव्हे. ते कसे, हे येथे हिशेबासह मांडतो.

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव आम्ही नमुन्यादाखल घेतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांची बाजारपेठ आहे. या भागात पीक मुख्यतः भाताचे, आणि तेही पावसावरचे. दिवाळीच्या सुमारास भात घरात आले की जूनपर्यंत बऱ्याच घरांत हाताला काम नसते. कित्येक कातकरी कुटुंबे तर वीटभट्ट्यांवर निघून जातात. नेमके हेच महिने कोरडे असतात आणि कागदाचे काम कोरड्या हवेतच चांगले होते. म्हणजे हात रिकामे असण्याचा काळ आणि कामाला योग्य हवा, दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात. हा योग फार थोड्या धंद्यांना लाभतो. वर्गणीच्या पैशांपासून लग्नाच्या खर्चापर्यंत देणे-घेणे आता फोनवरून होते, आणि धसईला तर १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले होते. रोकड काही हटली नाही, हा भाग वेगळा. तरी कल्याण-मुंबईच्या गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम मागवणे आज कठीण नाही, एवढे खरे.

कागदाचा हुनर आपल्या समाजाला नवा नाही. घाट चढून पलीकडे जुन्नरला गेले की तेथे एके काळी मुसलमान कागदी जुनी गोणपाटे आणि दोरखंड कुटून कागद काढीत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच या कसबावरून पडले आहे. गिरणीच्या कागदापुढे हे कारागीर बसले. पुढे १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली आणि कापडाच्या कतरणीपासून पुन्हा कागद निघू लागला. आम्ही कापडवाले ज्याला चिंधी म्हणून झाडून टाकतो, त्याचा तो माल. कागद आणि कापड यांचे हे नाते शब्दांतही आहे. 'कागद' आणि 'दस्ता' हे फारसीतून आलेले. दस्ता म्हणजे मूठभर, म्हणून चोवीस ताव. आणि 'रीम' हा इंग्रजी वाटणारा शब्द मुळात अरबी 'रिज़्मा', म्हणजे गठ्ठा किंवा गाठोडे, असा युरोप फिरून आपल्याकडे परत आलेला आहे. आज रीम पाचशे तावांचा धरतात.

म्हणून कागद घेताना कापडासारखाच पारखून घ्यावा. कापडाला ताणा-बाणा असतो, तशी गिरणीच्या कागदाला एक दिशा असते. त्या दिशेने घडी साफ बसते, आडवी घातली की कड फाटल्यासारखी खरखरीत येते. पारख सोपी आहे. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने पाण्याने ओला करावा. तो नळीसारखा वळतो आणि नळी ज्या रोखाने लांब पडते, ती कागदाची दिशा. हातकागदाला अशी दिशा जवळजवळ नसते, म्हणून तो महाग असूनही घडीच्या कंदिलाला चांगला.

दुसरी पारख रंगाची. पांढरी ओली चिंधी कागदावर घासावी. चिंधी रंगली तर रंग कच्चा. क्रेप आणि पतंगी कागद बहुधा कच्च्या रंगाचे असतात. असा कागद लग्नाच्या मंडपात पांढऱ्या पडद्यावर लावला आणि सरीचे दोन थेंब पडले, तर पडद्याची भरपाई सजावटवाल्यालाच भरावी लागते. तिसरी पारख फाडून पाहण्याची. कागद फाटला की कडेला तंतू दिसतात. जो ताणला जातो आणि मग तुटतो, ते प्लास्टिक. बाजारात 'चमकी कागद' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा झालरी या तिसऱ्या परीक्षेत नापास होतात.

आता हिशेब. बहुतेक गट पताकांपासून सुरुवात करतात, कारण त्या सोप्या. वीस बाय तीस इंचांच्या एका तावातून पाच बाय साडेसात इंचांच्या सोळा पताका निघतात. दोन पताकांमध्ये तीन इंच जागा सोडली, तर शंभर फुटांच्या माळेला दीडशे पताका लागतात. म्हणजे साडेनऊ ताव, फाटतूट धरून दहा. पुढील भाव बाजाराचे नव्हेत, हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. ताव पाच रुपये धरला तर कागद पन्नासचा. दोरा व खळ दहा, कापणी पाच, वाहतूक व नुकसान पंधरा. झाले ऐंशी. एका बाईला ही माळ दुमडून चिकटवायला दोन तास लागतात असे धरा. गावात शेतमजुरी दिवसाला चारशे धरली, तर दोन तासांचे शंभर झाले. माळ घरातच एकशेऐंशीला पडली. अजून दुकानदाराचा नफा त्यात नाही. त्याच बाजारात यंत्रावर निघालेली चकचकीत झालर निम्म्या भावात टांगलेली असेल, तर गिऱ्हाईक तुमच्याकडे कशाला वळेल?

मग काय होते, ते आम्ही व्यापारी लोक चांगले ओळखतो. कागदाचा भाव कमी होत नाही, एसटीचे भाडे कमी होत नाही. कमी होते ती फक्त बाईची मजुरी. शंभराचे तीस होतात. दोन तासांचे तीस म्हणजे आठ तासांचे एकशेवीस. "घरी बसूनच तर करते" असे म्हणून हे खपवले जाते. आमचे स्पष्ट मत आहे की याला रोजगार म्हणू नये. जो माल मजुरी कापल्याखेरीज विकला जात नाही, तो माल त्या गटाने बनवूच नये.

पताका अजिबात करू नयेत असे नाही. पण त्या कापायला कात्री वापरू नये. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचे थरावर थर घालून एकदम कापतात. तसेच पाचशे तावांचा गठ्ठा तालुक्याच्या छापखान्यात कटिंग मशीनवर अर्ध्या तासात कापून मिळतो. हातचे काम म्हणजे प्रत्येक काप हाताने मारलेला, असा काही नियम नाही. हात तेथे लावावा, जेथे यंत्राचे काम संपते.

आणि तो माल कोणता? जो एका विशिष्ट गिऱ्हाइकासाठी, त्याच्या मापाने, त्याच्या रंगाने बनतो तो. निकाहच्या मंचामागची कापीव जाळी, अकीक्याला बाळाच्या नावाची माळ, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा, दुकानाच्या उद्घाटनाचे तोरण. परदेशी कारखाना लाख झालरी काढील, पण मुरबाडच्या एका मुलीच्या लग्नाची तारीख आणि नाव असलेली माळ काढणार नाही. येथे गिऱ्हाईक फुटावर भाव करीत नाही, म्हणून पूर्ण मजुरी निघते.

दुसरा माल घडीचा कंदील. बांबूच्या कामट्यांचा जुना कंदील सुंदर खरा, पण तो जागा फार खातो. एसटीच्या टपावर पाच-पन्नास नेले तर पाच-दहा मोडतात. जाड कार्डशीटचा कंदील मात्र सपाट घडी करून जातो, एका खोक्यात शंभर मावतात. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीपूर्वी कशा प्रकारचा माल टांगतात, ते एकदा जाऊन पाहावे. एका फेरीत शाळेच्या वर्षाइतके शिकायला मिळते. कंदिलाचा साचा एकच असला तरी गिऱ्हाइके अनेक असतात. एकावर एक दोन चौकोन तिरपे ठेवले की आठ कोनांचा तारा होतो. कुरआनशरीफच्या हाशियावर भाग दाखवायला जे चिन्ह असते, तेच हे. रमजानला आणि निकाहला हा तारा शोभतो. पाच कोनांचा केला की वसईच्या ख्रिस्ती बांधवांच्या नाताळाला चालतो, आणि खाली झिरमिळ्या लावल्या की दिवाळीचा आकाशकंदील. मिसरमध्ये रमजानला 'फानूस' टांगण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे शहरांतून ती हल्ली दिसू लागली आहे. कागदी कंदिलात दिवा एलईडीचाच लावावा. जुना तापणारा बल्ब लावल्यास कागद आधी काळवंडतो आणि मग पेटतो.

साच्यांसाठी पुठ्ठा विकत आणू नये. कापड दुकानांत थान ज्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेले येते, तो पुठ्ठा रोज फेकला जातो. मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवर सुताचे रिकामे कोनही असेच पडून असतात. टेबलावरच्या सजावटीचा पाया म्हणून ते उत्तम.

आता तारखांचे गणित, कारण या धंद्यात चुकीच्या महिन्यात तयार झालेला माल रद्दीच्या भावाने जातो. हिजरी साल दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते. मराठी पंचांग अधिक मास घालून ऋतूशी मेळ राखते. म्हणून २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरलाच आल्या आणि मुंबईतील जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. २०२४ व २०२५ सालीही त्या एकेका दिवसाच्या अंतराने आल्या. ज्यांनी तेव्हा सजावटीचा माल भरला, त्यांना दोन्हीकडचे गिऱ्हाईक एकाच पंधरवड्यात मिळाले. पण ती गाठ आता सुटली आहे. २०२७ साली मिलाद चंद्रदर्शनाप्रमाणे स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे येईल, त्यानंतर जुलैकडे सरकेल. उलट रमजान पुढील काही वर्षे जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या थंडीत राहील. थोडक्यात, रमजान कोरडा आणि मिलाद ओला. कागदाच्या धंद्याला ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

ठाणे जिल्ह्याच्या पावसात बाहेर टांगलेली कागदी पताका एक रात्रही टिकत नाही. त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवला तर मग कागदाचा अर्थ काय राहिला? मेण लावले तर पाणी थांबते, पण दिव्याजवळ धोका. आमचा सल्ला असा की पावसाळ्यातल्या सणाला घरात, मशिदीच्या दालनात, मंडपाच्या आत कागद, आणि रस्त्यावर सुती कापडाच्या पताका लावाव्यात. शिंप्याकडची कतरण त्याला पुरते. ती धुऊन पुढल्या वर्षीही लावता येते.

पावसाळ्यासाठीचा माल एप्रिल-मेमध्येच बांधून ठेवावा. खळ मैद्याची : एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात कालवून, एकूण पाच-सहा वाट्या पाणी घालून, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावी. बुरशी व कीड लागू नये म्हणून जिल्दसाज तीत चिमूटभर मोरचूद टाकतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा मुले आणि स्वयंपाकाची भांडी दूर ठेवावीत. खळ पूर्ण सुकल्याखेरीज घडी करू नये. गठ्ठे जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत.

एक गोष्ट आदबीची. सजावटीच्या कागदावर आयती किंवा अल्लाह व रसूलची मुबारक नावे लिहू नयेत. पताका गळून पायदळी येते, कचऱ्यात जाते. नुसता चंद्र, तारा, वेलबुट्टी पुरेशी आहे. राष्ट्रध्वजाचेही तसेच. कागदी तिरंगा हातात घेऊन मिरवायला ध्वजसंहितेची मुभा आहे, पण तो जमिनीवर टाकता येत नाही. म्हणून शाळांना तिरंगी रंगाच्या साध्या झालरी द्याव्यात.

राहता राहिला पैसा. पहिल्या वर्षाला व्याजी कर्ज काढण्याइतके भांडवल या धंद्याला लागतच नाही. एखाद्या दुकानदाराने कागद द्यायचा आणि गटाने मेहनत घालायची असे ठरले, तर ते मजुरीवर आहे की भागीदारीवर, हे आधी लिहून ठेवावे. भागीदारी, म्हणजे मुदारबत असेल तर नफ्याची वाटणी ठरल्या प्रमाणात, आणि भांडवल बुडाले तर ते भांडवलवाल्याचे. मजुरी असेल तर माल विकला जावो न जावो, मजुरी द्यावीच लागते. नफ्याच्या वेळी मजुरी आणि नुकसानीच्या वेळी भागीदारी, असा दुटप्पी व्यवहार आम्ही अनेक धंद्यांत पाहिला आहे. राज्यातल्या राज्यात वर्षाला चाळीस लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. बाहेर पाठवायचा असेल तर सल्लागाराला विचारावे. उद्यम नोंदणी मात्र अवश्य करावी, तिला फी नाही. नोंदलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, आणि करार नसला तर पंधरा दिवसांत दिले पाहिजेत, असा २००६ चा कायदा आहे.

तरीही नावाच्या मालाला निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कात्री लावू नये. लग्न पुढे ढकलले गेले, तर त्या नावाची माळ दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नसते.