बोटांना बांधलेले दोरे

'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधला बँकेचा प्रसंग मी आवाज बंद करून पाहतो आहे, सलग सहाव्यांदा. फ्रँक काप्राचा १९४६चा हा चित्रपट जेम्स स्टुअर्टचा म्हणून ओळखला जातो. माझी नजर मात्र थॉमस मिचेलच्या हातांवर आहे.

मिचेल इथे बिलीकाका आहे. विसराळू, म्हणून बोटांना आठवणीचे दोरे बांधणारा. पुतण्याला शौर्यपदक मिळालंय, त्या आनंदात तो बँकेत येतो. दाराशी खडूस सावकार पॉटर भेटतो. बिलीकाका त्याचंच वर्तमानपत्र घेऊन पदकाच्या बातमीवरून त्याला चिडवतो, आणि त्या भरात आठ हजार डॉलरचं पाकीट त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून परत देतो. मग खिडकीपाशी पैसे भरायची वेळ येते. खिसे चाचपणं सुरू होतं. पाहता पाहता लक्षात येतं, हातांना आधी कळलंय. चेहऱ्यावरचं हसू अजून तिथंच आहे, कोणीतरी उचलायला विसरल्यासारखं.

पुढची सगळी कथा या एका चुकीवर टांगलेली आहे. नायक आत्महत्येच्या कड्यापर्यंत जातो तो हिच्यामुळे. म्हणजे चूक पटली पाहिजे आणि चुकणाऱ्याचा रागही येता कामा नये. ही तजवीज मिचेलने कधीच करून ठेवलेली असते. आधीच्या एका प्रसंगात तो झिंगून घरी निघतो. आपली टोपी कुठली हेही त्याला उमगत नाही. तो चौकटीबाहेर गेल्यावर मोठा खडखडाट होतो. असं सांगतात की तो आवाज चित्रीकरणाच्या वेळी कामगाराच्या हातून सामान पडल्याचा होता. मिचेलने पडद्याआडून 'मी ठीक आहे' असं ओरडून तो आपल्या खात्यात जमा केला, आणि काप्राने तो तसाच ठेवला. आपण हसतो. त्या हसण्यातच माफी आगाऊ दिली जाते.

मिचेल १८९२ साली न्यू जर्सीत, आयरिश स्थलांतरितांच्या घरात जन्मला. नट होण्याआधी त्याने बातमीदारी केली होती. १९३९ या एका वर्षात त्याचे पाच मोठे चित्रपट आले. 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मध्ये तो पत्रकारच होता. 'स्टेजकोच'मधला दारुडा डॉक्टर बून त्याला ऑस्कर देऊन गेला.

त्या डॉक्टरचेही हात पाहावेत. घोडागाडीत ते शेजारच्या दारूविक्रेत्याच्या नमुन्यांच्या पिशवीभोवती मायेने विसावलेले असतात. वाटेत एका प्रवासिनीला प्रसूतिकळा सुरू होतात आणि डॉक्टर काळी कॉफी मागतो, आणखी मागतो, मागतच राहतो. मिचेल नशा रंगवत नाही. नशेतून स्वतःला ओढून बाहेर काढणारा माणूस रंगवतो. त्यात कष्ट दिसतात, म्हणून विनोदी पात्राला एकदम वजन येतं.

त्याच वर्षीच्या 'गॉन विथ द विंड'मध्ये स्कार्लेटचा बाप म्हणून तो भ्रमिष्ट होतो. युद्धात हरत चाललेल्या दक्षिणेचे कर्जरोखे तो मुलीला ठेवा म्हणून दाखवतो. कागद रद्दी झालेत. हात मात्र ते अजून जपून धरतात.

पिशवी, रोखे, पाकीट. नायकाला संवाद मिळतात, चरित्र अभिनेत्याला बहुधा अशी एखादी वस्तू. तिच्यातून माणूस उभा करायचा आणि कॅमेरा नायकामागे निघाला की मुकाट मागे राहायचं. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मध्येही पैसे हरवल्याचं कळल्यावर नायक संतापून बिलीकाकाची गचांडी धरतो, गदगदा हलवतो आणि निघून जातो. काका टेबलावर डोकं टेकवून रडतो. एक पाळीव खार त्याच्या हातावर चढते.

मी आवाज सुरू करतो आणि शेवटापर्यंत जातो. गावाने वर्गणी गोळा केलीय. पैशांनी भरलेली टोपली घेऊन दारातून आत येतो तो बिलीकाकाच. पैसे हरवणाऱ्या त्याच हातांनी तो ती टेबलावर उपडी करतो. मग कॅमेरा नायकाकडे वळतो.