गार पाणी तळाशी, मग मासा कुठे?

विहिरीत कधी सूर मारलाय? मारला असेल तर तुम्हाला हे ठाऊकच असेल. मे महिन्यात वरचं पाणी कोमट लागतं, पण जरा खोल गेलं की पायांना एकदम गारेगार! अमेरिकेत टेक्सास, जॉर्जिया या राज्यांतल्या खोल तलावांचंही उन्हाळ्यात असंच होतं. आणि त्या तलावांत राहतो लार्जमाऊथ बास. नावातच 'मोठं तोंड' आहे. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे पोहोचतो. आपण त्याला थोरतोंड्या म्हणूया.

आता सांगा, जुलैचं रणरणतं ऊन आहे आणि तुम्हाला थोरतोंड्या पकडायचाय. गळ कुठे टाकाल? "तळाशी! तिथे गार असतं ना!" मीही हेच म्हटलं असतं. पण तळाशी बसाल तर रिकाम्या हाताने घरी जाल.

त्याचं कारण मजेशीर आहे. गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. दोघांची उन्हाळाभर कट्टी! ती एकमेकांत मिसळतच नाहीत. मधे एक पातळसा थर असतो, तिथे तापमान झपकन उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. हवेतला प्राणवायू वरच्या पाण्यात विरघळतो, पण या थराखाली तो पोहोचत नाही. उलट तळाशी पडलेला पालापाचोळा कुजताना तिथे होता नव्हता तेवढा प्राणवायू संपतो. म्हणजे खाली पंखा आहे, पण श्वास घ्यायची सोय नाही! म्हणून मासे त्या थराच्या वरच राहतात. माशांचा माग काढणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर हा थर चक्क रेघेसारखा दिसतो. गळ त्या रेघेच्या खाली सोडणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं.

वरही सगळं आलबेल नसतं बरं. १० अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. माशाचं अंग पाण्याइतकंच तापतं आणि अंग तापलं की त्याला भूक जास्त लागते. पोटात कावळे ओरडतायत, पण भर दुपारी धावायला नको, अशी थोरतोंड्याची गत होते. मग तो काय करतो? सावलीत दबा धरून बसतो. कमळाच्या पानांखाली, बुडालेल्या झाडाच्या खोडाशी, लाकडी धक्क्याखाली. अंधाऱ्या खोलीतून आपल्याला बाहेरचं अंगण लख्ख दिसतं, पण अंगणातल्या माणसाला आपण दिसत नाही. तीच युक्ती. भक्ष्य जवळ आलं की तो तोंड एवढ्या झटक्यात उघडतो की पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढलं जातं. चावायचं वगैरे काही नाही, सरळ सुर्र!

अशा माशाला फसवायला लोक खोटी आमिषं वापरतात, त्यांना ल्युअर म्हणतात. आम्ही लहानपणी नदीवर गळाला गांडूळ लावायचो, ते खरंखुरं. इथे सगळी नक्कल. दुकानात शेकडो ल्युअर टांगलेले दिसतात आणि मोठी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी हे घेऊ की ते, करत उभी राहतात. खरं तर ल्युअर निवडायच्या आधी प्रश्न एवढाच विचारायचा: या घटकेला मासा आहे कुठे?

पहाटे तो काठाजवळ उथळ पाण्यात शिकारीला आलेला असतो. तेव्हा पाण्यावर 'डुबुक डुबुक' करणारा, पुढून खोलगट तोंडाचा पॉपर भारी. ऊन चढलं की पानांच्या दाटीवर रबरी बेडूक. मला विचाराल तर सगळ्यांत हुशार ल्युअर हाच! तो आतून पोकळ असतो आणि त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. त्यामुळे तो पानांवरून न अडकता सरकतो. थोरतोंड्याने गिळला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. फक्त पाणी उडालं रे उडालं की दोरी ओढायची घाई करायची नाही. मनात एक-दोन म्हणायचं, मग झटका. बहुतेकांना हे जमत नाही.

मासा खोल पाण्यात असेल तर क्रँकबेट. या प्लॅस्टिकच्या माशाच्या तोंडापुढे एक चपटी पट्टी असते. दोरी ओढली की पाण्याचा दाब पट्टीवर येतो आणि ल्युअर नाक खाली करून बुडी मारतो. पट्टी जेवढी लांब, तेवढी बुडी खोल. शिवाय तो पळताना डावी-उजवीकडे थरथरतो. ही थरथर माशाला अंगावरच्या पार्श्वरेखेने कळते. ही रेषा त्याच्या दोन्ही बाजूंना असते आणि पाण्यातली हालचाल टिपते. म्हणून गढूळ पाण्यात दिसण्यापेक्षा थरथर महत्त्वाची.

आणि मासा अगदीच आळसावला असेल तर प्लॅस्टिकचं गांडूळ, हळूऽऽहळू. हे निक क्रीम या माणसाने १९४९ मध्ये ओहायोत बनवलं. गळाचं टोक पुन्हा गांडुळातच लपवायचं, म्हणजे ते झाडाझुडपांत अडकत नाही. या पद्धतीला टेक्सास रिग म्हणतात.

रंगाचं काय? अमेरिकेतल्या संशोधकांनी बासला खाऊ देऊन रंग ओळखायला शिकवलं. लाल आणि हिरवा त्याला छान ओळखता आले, पण निळा आणि काळा यांत तो गोंधळला. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांतही तेच. तरीही दुकानात निळ्याच्या दहा छटा असतात. त्या कुणाला गळाला लावायला, हे तुम्हीच ओळखा! रात्री मात्र काळा ल्युअर चांगला. आकाश काळोखं असलं तरी पाण्याखालून ते थोडं उजळ दिसतं आणि काळी आकृती त्यावर उठून दिसते.

मासा नुसत्या रंगाने नाही, ल्युअरच्या चालीनेही फसतो. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी तर १९३६ मध्ये बूच तासून, त्यावर चॉकलेटचा चांदीचा कागद गुंडाळून ल्युअर केला होता. तो जखमी माशासारखा वाकडातिकडा पोहायचा, आणि शिकारी माशांना जखमी मासा फार आवडतो.

मासा हातात आला, तर उन्हाळ्यात एक काळजी घ्या. आधी हात ओले करा, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. सोडायचा असेल तर फोटोबिटो पटकन उरका. तापलेल्या पाण्यात आधीच प्राणवायू कमी, त्यात झुंज देऊन त्याला धाप लागलेली असते.

लार्जमाऊथ बासचा सगळ्यांत गाजलेला विक्रमही उन्हाळ्यातलाच. २ जून १९३२ रोजी जॉर्जियात जॉर्ज पेरी या तरुणाने खोट्या माशाचा ल्युअर वापरून २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास पकडला. २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यांनी जवळजवळ तेवढ्याच वजनाचा मासा पकडून या विक्रमाशी बरोबरी केली. पेरीच्या माशाचं पुढे काय झालं? घरच्यांनी शिजवून खाल्ला.