हातमोजा आणि रसायनाचे पारगमन : कपाशीवरील फवारणीच्या संदर्भात

बुलडाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर, नांदुरा या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांत पावसाळ्याच्या उत्तरार्धात फवारणीला वेग येतो. विदर्भातीलच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यानंतर संरक्षक साधनांच्या वाटपावर भर दिला गेला. मात्र हातमोजा कोणते रसायन किती वेळ अडवितो, हा प्रश्न मागेच राहिला.

कीटकनाशके नियम, १९७१ मधील नियम ३९ ने द्रव आत न शिरू देणारे, अर्ध्या कोपरापर्यंत पोहोचणारे हातमोजे सांगितले. परंतु द्रव न शिरणे आणि रसायन न शिरणे या भिन्न गोष्टी आहेत. छिद्रातून वा शिवणीतून होणारा शिरकाव पाणी भरून पाहिल्यास कळतो. पारगमनाचे तसे नाही. त्यात रसायनाचे रेणू रबरात विरघळतात, त्यातून सरकतात आणि त्वचेच्या बाजूस बाहेर पडतात. हातमोजा मात्र अखंड व कोरडा दिसतो.

पारगमनाच्या चाचणीत तळव्याकडील तुकडा दोन कप्प्यांच्या मधे बसवितात. एका कप्प्यात रसायन, दुसऱ्यात ते टिपून घेणारा वायू किंवा द्रव असतो. पारगमनाचा वेग दर मिनिटास दर चौरस सेंटिमीटरमागे १ मायक्रोग्रॅम होईपर्यंतचा अवधी म्हणजे भेदनकाल. आयएसओ ३७४ मानकाचा पहिला स्तर १० मिनिटांहून, तर सहावा ४८० मिनिटांहून अधिक भेदनकालाचा आहे. ही चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते. हातमोज्यातील घामेजलेला हात याहून बराच उष्ण असतो आणि उष्णतेने पारगमन वाढते. म्हणून पाकिटावरील आकडा शेतात तसाच गृहीत धरता येत नाही.

शिवाय या मानकाच्या १८ रसायनांच्या यादीत एकही कीटकनाशक नाही. बाटलीतील तीव्र औषध अनेकदा झायलीनसारख्या द्रावकात असते. त्यात नैसर्गिक रबर फुगते. पातळ नायट्राइलही काही मिनिटांतच भेदले जाते. साहजिकच पंपातील पातळ द्रावणापेक्षा बाटली उघडून औषध मोजण्याचा क्षण हातांना अधिक घातक ठरतो. आयएसओ १८८८९ या २०१९ च्या मानकाने हाच भेद ओळखला : जी१ वर्ग पातळ केलेल्या द्रावणासाठी, तर जी२ तीव्र औषधासाठीही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही हे लागू आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथिल पाऱ्याचे काही थेंब पडले. जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. नंतरच्या चाचणीत ते रसायन अशा हातमोज्यातून १५ सेकंदांच्या आतच पार झाल्याचे आढळले. हातमोजा फाटलेला नव्हता.

वापरलेला हातमोजा धुऊन वाळत घालण्याची काटकसरही येथे तपासून पाहिली पाहिजे. धुण्याने पृष्ठभाग स्वच्छ होतो, पण रबरात मुरलेले रसायन रात्रभर आतल्या बाजूकडे सरकत राहते आणि दुसऱ्या दिवशी हात घालताच त्वचेला लागते.