नसलेल्या सिनेमाचं परीक्षण आणि आपली सिनॉप्सिस

‘गोंचारोव्ह’ नावाचा एक सिनेमा आहे. साल १९७३, नाव जोडलेलं मार्टिन स्कॉर्सेसींचं. मुख्य भूमिकेत रॉबर्ट डी नीरो. रशियातून इटलीतल्या नेपल्सला आलेला एक गुंड, त्याची बायको कात्या, त्याचा मित्र आंद्रेई, आणि कथेत सारखं येणारं घड्याळाचं प्रतीक. या सिनेमावर हजारो लोकांनी परीक्षणं लिहिली, शेवटच्या प्रसंगाचा अर्थ काय यावर वाद घातले, त्याचं संगीतसुद्धा तयार केलं.

हा सिनेमा कधी बनलाच नाही.

झालं असं, की कोणीतरी विकत घेतलेल्या बुटांच्या लेबलवर सिनेमाच्या जाहिरातीसारखा काहीतरी चुकीचा मजकूर छापलेला होता. २०२० च्या सुमारास त्याचा फोटो लोकांनी पाहिला. एकाने गमतीत असा सूर लावला, की अरे, याने गोंचारोव्ह पाहिलेला दिसत नाही! नोव्हेंबर २०२२ मध्ये एका चित्रकाराने त्याचं पोस्टर बनवलं आणि मग टम्बलरवर खेळच सुरू झाला. एकाने प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने त्यावर परीक्षण लिहायचं, तिसऱ्याने त्या परीक्षणातली चूक काढायची. शेवटी खुद्द स्कॉर्सेसींनीही मुलीला गमतीत कळवलं, की हो, तो सिनेमा मी फार पूर्वी केला होता.

आता तुम्ही म्हणाल, याचा आणि आपल्या पीएचडीचा काय संबंध? तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर संबंध फार जवळचा आहे.

आपसात जुळणं म्हणजे खरं असणं नव्हे

या खेळातल्या लोकांनी नकळत एक प्रयोग केला. मूळ वस्तू नसताना, फक्त एकमेकांच्या लिखाणावर लिहीत गेलं तर काय होतं? तर एक सुसंगत, तपशीलवार, पटण्यासारखं चित्र उभं राहतं. पात्रांची नावं सगळीकडे सारखी. प्रतीकं सारखी. अगदी मतभेदसुद्धा खऱ्या समीक्षकांमध्ये असावेत तसे.

आपण संदर्भ-आढावा लिहिताना नेमकी हीच चिन्हं विश्वासाची मानतो. ‘दहा पेपरांत हेच लिहिलंय, म्हणजे बरोबर असणार.’ पण ते दहाही पेपर एकाच पेपरकडे बोट दाखवत असतील, तर पुरावा दहा ठिकाणी नाही, एकाच ठिकाणी आहे. आणि तो एक पेपर कोणी उघडलाच नसेल, तर कदाचित शून्य ठिकाणी आहे.

उलट बाजूही बघा. आपल्या चाळीसगावच्या शेजारी, मालेगावात, शेख नासीर आणि त्यांच्या मित्रांनी अगदी तुटपुंज्या पैशांत ‘मालेगाव के शोले’सारखे खरेखुरे सिनेमे केले. गावातल्या लोकांनी ते पाहिले, हसले. पण बाहेरच्या जगात त्यांच्यावर लिहिलं गेलं ते नंतर, फैझा अहमद खान यांचा माहितीपट आल्यावर. म्हणजे नसलेल्या सिनेमावर ढीगभर लिखाण आणि असलेल्या सिनेमावर बराच काळ जवळजवळ काहीच नाही. लिखाण किती आहे यावरून वस्तू आहे की नाही, हे ठरत नाही.

चारशे वेळा उल्लेखलेला, न लिहिलेला पेपर

विज्ञानातला ‘गोंचारोव्ह’ही आहे. व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन या तिघांच्या नावावर, २००० सालचा, ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ असा एक पेपर. जवळपास चारशे प्रकाशित लेखांच्या संदर्भयादीत तो सापडला. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांनी तो शोधायला घेतला, तेव्हा पेपर नाही आणि ते जर्नलही नाही असं निघालं. अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी हा शोध लिहून प्रसिद्ध केला.

उगम साधा होता. एल्सेव्हियर प्रकाशनाने लेखकांसाठी बनवलेल्या नमुना फाईलमध्ये ‘संदर्भ असा लिहावा’ हे दाखवायला तो बनवला होता. बऱ्याच लेखकांनी नमुन्यात आपला मजकूर भरला आणि तो संदर्भ पुसायचा राहिला. पण सगळेच असे नव्हते. काहींनी तो वाक्याच्या आधारालाही वापरला. म्हणजे न वाचता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. युजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधाची साम्य-तपासणी होते आणि १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. आपल्यापैकी बरेच जण त्या आकड्याच्या धाकात असतात. पण ते सॉफ्टवेअर नक्कल पकडतं. कल्पित संदर्भ हा कशाचीच नक्कल नसतो, त्यामुळे तिथे तो अगदी स्वच्छ दिसू शकतो. अहवालात ४ टक्के आले म्हणजे संदर्भ खरे आहेत, असा अर्थ होत नाही.

चॅटबॉट आल्यापासून हा धोका वाढला आहे. ‘या विषयावरचे पाच पेपर दे’ म्हटलं की तो पाच देतो. लेखकाचं नाव त्या क्षेत्रातलं, जर्नल ओळखीचं, साल योग्य. कारण तो ‘असा संदर्भ कसा दिसेल’ हे फार चांगलं जाणतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशाच पद्धतीने अस्तित्वात नसलेले खटले दाखल्यादाखल दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. आपल्याकडे मौखिक परीक्षेत परीक्षकाने एका संदर्भावर बोट ठेवून ‘हा पेपर दाखवा’ म्हटलं, तर चार-पाच वर्षांचं खरं कामही संशयात येतं. प्रयोगशाळेतली सगळी मेहनत एका ओळीमुळे पणाला लागते.

वस्तू हरवली असेल तर?

आता थोडा अवघड प्रश्न. समजा वस्तू खरंच होती, पण आज ती पूर्ण बघता येत नाही. मग तिच्याबद्दल बोलायचंच नाही का?

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ घ्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसाठी लागला. चार रिळांचा सिनेमा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज पहिलं आणि शेवटचं रीळ आहे. शिवाय काही अभ्यासकांचं म्हणणं असं, की ही रिळं १९१३ ची नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ची असावीत.

म्हणजे आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाबद्दल आपण जे वाचतो, त्यातलं बरंचसं सिनेमा बघून लिहिलेलं असूच शकत नाही. मग गोंचारोव्हमध्ये आणि यात फरक काय? फरक असा, की इथे सिनेमाच्या बाहेरचे, एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे आहेत. त्या वेळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती आणि बातम्या, काम केलेली माणसं, चित्रपटगृहाचं नाव, तारीख. जाहिरात देणाऱ्याला शंभर वर्षांनंतरच्या समीक्षकांशी जुळवून घ्यायचं नव्हतं. म्हणून ती साक्ष वजनदार. ‘सिनेमा झाला’ हे पक्कं आणि ‘ही रिळं त्याचीच’ हे वादातलं. एकाच विषयातल्या दोन विधानांना वेगवेगळं वजन द्यायला शिकणं, हेच संशोधनाचं प्रशिक्षण.

पाटणादेवीला गेला असाल तर

आपल्या भागातलं उदाहरण चाळीसगावपासून जेमतेम १८ किलोमीटरवर आहे. पाटण्याला गेलेल्या प्रत्येकाने लीलावतीची गोष्ट ऐकलेली असते. भास्कराचार्यांनी मुलीच्या लग्नासाठी शुभ घटिका काढली, पाण्यावर घटिकापात्र ठेवलं, ती वाकून बघताना तिच्या अंगावरचा मोती पात्राच्या छिद्रात अडकला, वेळ टळली, आणि मग वडिलांनी तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला.

आता उगम शोधा. ‘लीलावती’ ग्रंथ ११५० चा. गोष्टीचा माहीत असलेला सर्वात जुना आधार म्हणजे अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराची प्रस्तावना. मध्ये ४३७ वर्षांचं अंतर. मूळ ग्रंथात ही गोष्ट नाही. तिथे गणितं घालताना कुठे ‘बाले’, कुठे ‘कान्ते’ अशी संबोधनं येतात, त्यावरून नातं पक्कं ठरत नाही.

याउलट पाटण्याचा शिलालेख. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, असं त्यात आहे. घराण्याची वंशावळही आहे. ग्रंथानंतर साधारण ५७ वर्षांत, घरातल्याच माणसाने कोरून ठेवलेला हा पुरावा.

पण घाई करू नका. वंशावळीत लीलावती नाही, म्हणजे ती नव्हतीच, असंही म्हणता येत नाही. वंशावळ पुरुषांची आहे, तिथे मुलीचं नाव नसणं अपेक्षितच. पुरावा नसणं आणि नसल्याचा पुरावा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात लिहायचं तर एवढंच लिहिता येईल: ‘या कथेचा सर्वात जुना ज्ञात आधार १५८७ चा आहे.’ वाक्य रुक्ष वाटेल, पण ते कोणी पाडू शकणार नाही.

मग कल्पनेला जागा कुठे?

भरपूर आहे, आणि हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुमची सिनॉप्सिस म्हणजे काय? न झालेल्या संशोधनाचं वर्णन. आणि आरआरसीची बैठक म्हणजे नसलेल्या सिनेमाचं परीक्षणच की!

विज्ञानात याला आता रीतसर रूप मिळालं आहे. २०१३ पासून ‘कॉर्टेक्स’ या जर्नलने ‘रजिस्टर्ड रिपोर्ट’ हा प्रकार सुरू केला. यात प्रयोग करण्याआधीच प्रश्न आणि पद्धत तपासणीला पाठवायची. परीक्षकांना पटलं तर निकाल काहीही येवो, पेपर छापण्याचं तत्त्वतः मान्य होतं. मानसशास्त्रातल्या २०२१ च्या एका तुलनेत, नेहमीच्या पेपरांपैकी ९६ टक्क्यांत पहिलं गृहीतक बरोबर ठरलेलं होतं, तर रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्क्यांत. म्हणजे कल्पित अवस्थेत परीक्षण झालं, की ‘माझं गृहीतक चुकलं’ असं सांगण्याचीही सोय होते.

तुम्ही हे चार मित्रांत करून बघा. प्रत्येकाने आपलं काम पूर्ण झालं असं समजून एक पान लिहायचं आणि दुसऱ्याने त्यावर कडक परीक्षण लिहायचं. समजा तुमचा विषय आहे, गिरणाकाठच्या ३० विहिरींमधलं नायट्रेट. तुम्ही कल्पित निष्कर्ष लिहिता: ‘१२ विहिरींत प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅम या भारतीय मानकापेक्षा जास्त आढळलं, कारण रासायनिक खत.’ मित्र विचारेल, विहिरी कशा निवडल्या? खोली किती? पावसाळ्याआधीचे नमुने की नंतरचे? आणि सगळ्यात महत्त्वाचं: खतच कशावरून? संडासाच्या शोषखड्ड्यातून आणि गोठ्यातूनही नायट्रेट येतं. नुसतं नायट्रेट मोजून उगम कळत नाही. त्यासाठी क्लोराइडसारखे इतर घटक किंवा नायट्रोजनचे समस्थानिक तपासावे लागतील.

हा प्रश्न आज कागदावर आला तर एक संध्याकाळ जाते. तिसऱ्या वर्षी, नमुने संपल्यावर आला, तर पावसाळा परत आणता येत नाही.

फक्त तीन नियम पाळा:

१. त्या पानावर वर ठळक ‘कल्पित’ लिहा, आणि ते पान प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. नमुना संदर्भाचं काय झालं ते आपण पाहिलं.

२. निष्कर्ष कल्पित चालेल, संदर्भ कल्पित चालणार नाही. यादीतला प्रत्येक पेपर उघडून बघा. डीओआय टाकून तो त्याच पेपरवर जातो का, आणि तुम्ही म्हणता ते त्यात खरंच आहे का, हे दोन्ही तपासा. मिळाला नाही तर ग्रंथपालांना विचारा. तरीही नाही मिळाला तर काढून टाका.

३. दुसऱ्याच्या पेपरात वाचलेला उल्लेख मूळ म्हणून देऊ नका. मूळ बघणं शक्यच नसेल, तर ‘अमुक यांच्या लेखात उद्धृत’ असं सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

गोंचारोव्ह लिहिणाऱ्यांनी कोणाला फसवलं नाही, कारण आपण खेळतोय हे खेळणाऱ्यांना माहीत होतं. आपल्या प्रबंधाचा वाचक मात्र खेळात सामील नसतो. तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पुढचा प्रयोग उभा करणार असतो. आज सिनॉप्सिस उघडा आणि यादीतला पहिला संदर्भ शोधून बघा. मग दुसरा.