फुकटचा गेम आणि गटातल्या अकरा जणींची आधार कार्डं

गेल्या महिन्यात आमच्या एका बचत गटाची बैठक नेहमीप्रमाणे बुधवारी दुपारी भरली. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, पण सचिवताई गप्पच. उठायची वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, "ताई, मोबाईल माझ्या हातात आहे, पण आतलं सगळं गेलं."

झालं असं. त्यांचा सातवीतला मुलगा आईच्या मोबाईलवर गेम खेळतो. त्याला मित्राकडून एक मेसेज आला, "या लिंकवर जा, पाच हजार डायमंड फुकट मिळवा." डायमंड म्हणजे त्या गेममधला पैसा, त्यातून कपडे, बंदुका, काय काय घेता येतं. लिंकवर पानही अगदी गेमसारखंच दिसत होतं. त्यानं आईचा गुगलचा ईमेल टाकला, पासवर्ड टाकला, मग मोबाईलवर आलेला ओटीपीही टाकला. पासवर्ड त्याला आईनंच दिला होता, शाळेचा अभ्यास उघडायला. संध्याकाळपर्यंत ते खातं दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात गेलं होतं.

आता यात आमची चूक कुठे, तेही सांगतो. बँकेची कर्जाची फाईल करताना दरवेळी झेरॉक्सचा खर्च नको, म्हणून गटातल्या अकराही जणींच्या आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो सचिवताईंच्या मोबाईलमध्ये ठेवायला आम्हीच सांगितलं होतं. ते फोटो त्या गुगल खात्यात आपोआप जमा होत होते. म्हणजे डायमंड मागितले एका मुलानं आणि चावी गेली अकरा घरांची.

त्या मुलानं दोन दिवस नीट जेवण घेतलं नव्हतं. पहिल्यांदा आम्ही त्याच्या आईला एवढंच सांगितलं, पोराला मारू नका. मार बसला की पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि अशा गोष्टीत पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.

पण मैत्रिणींनो, या फुकटाचे दोन प्रकार आहेत. एक हा, सरळ चोरीचा. यात कंपनीचा संबंध नसतो, तिच्या नावानं तिसराच कुणी लुटतो. दुसरा प्रकार कायदेशीर आहे, मोठमोठ्या कंपन्या करतात, आणि तोच समजायला अवघड आहे.

आपल्या दारावर बोहारीण येते. जुनी साडी देतो, पातेलं घेतो. साडी किती विरली, पातेलं किती पातळ, दोघी बघतात, घासाघीस करतात. गेमच्या सौद्यात पातेलं तेवढं दिसतं. आपण काय दिलं ते दिसतच नाही.

एक खरं उदाहरण सांगतो. अमेरिकेत एपिक गेम्स नावाची कंपनी आहे, फोर्टनाईट हा गेम तिचाच. डिसेंबर २०१८ मध्ये तिनं कॉम्प्युटरवरच्या गेमचं स्वतःचं दुकान उघडलं आणि ठरावीक दिवसांनी एखादा विकतचा गेम फुकट द्यायला सुरुवात केली. मे २०२० मध्ये तर जीटीए फाईव्ह हा प्रसिद्ध गेम फुकट दिला. एवढी झुंबड उडाली की दुकान काही तास बंदच पडलं. फुकट घ्यायला एकच अट, आपलं खातं उघडायचं. पुढे २०२१ मध्ये एपिक आणि ॲपल यांचा कोर्टात खटला चालला, तेव्हा कागदपत्रं बाहेर आली. पहिल्या नऊ महिन्यांत फुकट वाटलेल्या गेमसाठी एपिकनं ते बनवणाऱ्यांना सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले होते, आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती मिळाली होती. हिशेब आपल्याला जमतो. एका नव्या माणसामागे दोन डॉलरच्या थोडं वर, त्या वेळचे दीडशे रुपयांच्या पुढे. फुकट गेम घेणाऱ्या प्रत्येकाचा भाव आधीच कुणीतरी भरला होता. यात गुन्हा काही नाही, दुकानदार पहिल्या दिवशी पेढे वाटतो तसंच. पण पेढा घेताना आपण नाव, ईमेल आणि जन्मतारीख लिहून देत नाही.

त्याच कंपनीचं दुसरं प्रकरण मात्र गुन्ह्याकडे झुकणारं. अमेरिकेत १९९८ सालचा कायदा आहे: तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती आईबापांना विचारल्याशिवाय गोळा करायची नाही. फोर्टनाईटमध्ये ती गोळा होत होती, असा तिथल्या सरकारी आयोगाचा आरोप होता. शिवाय अनोळखी माणसांशी बोलायची सोय मुलांसाठी आधीपासूनच चालू ठेवलेली, आणि माहिती पुसा म्हणणाऱ्या पालकांना खेटे घालायला लावलेले. डिसेंबर २०२२ मध्ये एपिकनं तडजोड केली: मुलांच्या माहितीबद्दल साडेसत्तावीस कोटी डॉलर दंड, आणि फसव्या बटणांमुळे नकळत झालेल्या खरेदीचे साडेचोवीस कोटी डॉलर ग्राहकांना परत. एवढी मोठी, नावाजलेली कंपनी. आपल्या पोरांच्या मोबाईलमधले पन्नास छोटे गेम कोण बनवतं हे तर आपल्याला नावानिशीही माहीत नसतं.

ते छोटे गेम पैसा कुठून काढतात? जाहिरातीतून. "जाहिरात बघा, नाणी मिळवा" हे बटण तुम्ही पाहिलं असेल. कोणत्या घरात कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवायला मोबाईलचा एक जाहिरात क्रमांक असतो. गेम त्या क्रमांकापुढे टिपत जातो: मोबाईल कोणता, किती वाजता खेळतात, कुठल्या गावात, किती वेळ. परवानगी दिलीत तर फोनमधले नंबर आणि फोटोही. फासे टाकायच्या गेमला आपल्या जावेचा नंबर कशाला हवा? आवळा देऊन कोहळा काढणं यालाच म्हणतात.

सरकारनंही हे हलक्यात घेतलेलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीसकट ११८ ॲप बंद केली, तेव्हा वापरणाऱ्यांची माहिती देशाबाहेर जाते, हे एक कारण दिलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक माहितीचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल लहानच धरलं आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची खात्रीलायक संमती हवी, आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत; मोडलं तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांना तयारीला दीड वर्षाची मुदत दिली. आमचं मत विचाराल तर, मुलगा "माझं वय अठरा" असं दाबून मोकळा होतो, तिथे कायदा काय करणार हे बघायचंच आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर गेलं की परवानग्या दिसतात; गेमच्या पुढचे नंबर, माईक, लोकेशन बंद करा. गेम बहुतेक वेळा तरीही चालतो, म्हणजे त्याला ते लागतच नव्हतं. तिथेच गुगलच्या जाहिरातींच्या भागात तो जाहिरात क्रमांक पुसून टाकता येतो. मुलाला खेळायला वेगळं खातं द्या, ज्यात बँकेचं, गटाचं काही नाही. ओटीपी विचारणारं बक्षीस हे बक्षीस नसतं, एवढं एक वाक्य पोराकडून पाठ करून घ्या. आणि पैसे गेले तर त्याच तासात १९३० वर फोन करा, लाज धरून बसू नका.

सचिवताईंचं खातं चौथ्या दिवशी परत मिळालं, नेहमीच्याच मोबाईलवरून प्रयत्न केला म्हणून. पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी लावली, फोटो पुसले. तेवढ्यात कुणी ते उतरवून घेतले की नाही, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. म्हणून आता गटाच्या फाईलमध्ये आधारची फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत असते, ती कागदावर, कपाटात. जिथे पूर्ण क्रमांक लागेल तिथे जिची तिनं स्वतः न्यायची. अकरापैकी नऊ जणींनी आधारचे अंगठ्याचे ठसे लॉक करून घेतले. दोघींच्या आधारला मोबाईल नंबरच जोडलेला नाही, त्यामुळे त्यांचं अडलं आहे. येत्या गुरुवारी त्यांना घेऊन आम्ही तालुक्याच्या आधार केंद्रावर जातोय. सकाळी नऊची एसटी आहे. आणखी कुणाचं असं अडलं असेल तर स्टँडवर भेटा.