मुलाखत संगणकाची, चौकशी बापाची!

परवा लोह्याचा एक बौद्ध तरुण आमच्याकडे आला. जयभीम केला आणि गप्प बसला. संगणक अभियंता, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत देऊन परतला होता. लिंक्ड लिस्ट उलटी करण्याचा प्रोग्राम त्याने फळ्यावर लिहिला, डेटाबेसचे प्रश्न सोडवले. मग साहेबांनी विचारले, "हे आडनाव कुठले? वडील काय करतात?" वडील सालगडी. तांत्रिक प्रश्न तिथेच संपले. 'कळवू' म्हणाले, कळवले नाही.

सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून 2007 साली हेच लिहिले. तोंडी गुणवत्ता, पण कौटुंबिक पार्श्वभूमी बहुतेक सगळेच विचारतात! त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांच्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना धाडले होते. दलित आडनावांना बोलावणी कमी आली.

कायद्याचे म्हणाल तर कलम 16 सरकारी नोकरीपुरते. खासगी कंपनीच्या दारात ते थांबते. खासगी क्षेत्रात आरक्षण मागतो ते यासाठीच. त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, विचारलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह त्याच रात्री लिहून ठेव. सोमवारी हैदराबादला त्याची दुसरी मुलाखत आहे.